अनसिंगच्या घरातला पंच

मिलिंदभाऊ, तुझ्या आईने पंचाचा प्लग काढला तेव्हा मी समोरच बसले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम अजून सुरू व्हायचा होता. भंतेजी वाटेत होते, पांढरी चादर अंथरून झाली होती. बुद्धमूर्तीखालची फळी पुसायला घेतली तेव्हा आईला ती काळी डबी दिसली, हिरवा दिवा लुकलुकणारी. "हे आता कायले?" असं म्हणून तिने वायर ओढली, डबीभोवती गुंडाळली आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवून दिली. मी उठून काहीतरी सांगायला हवं होतं. मी उठले नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं.

हे फक्त तुलाच सांगता येतं, कारण त्या डबीवरून आपण दोन वर्षं भांडलो आणि भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलास. त्या दिवशी बोलायला उभा राहिलेला जो तो म्हणाला, मिलिंद कधी कोणाशी वाकडं बोलला नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्याशी बोललास की! आपलं शेवटचं बोलणं चांगलंच वाकडं होतं, आणि त्यातला जास्त वाकडेपणा माझा होता.

मी पुणं सोडून परत आले तेव्हा वाशीमला बसून आपलं काम करता येईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. माझ्या बापाचासुद्धा नव्हता. तू पुण्यातल्या आपल्या साहेबांना फोन लावून म्हणालास, "अनसिंगहून मी करून राह्यलो ना? मंग वाशीमहून सविता बी करन." एवढ्या एका वाक्यावर मला नोकरी मिळाली. पहिल्या आठवड्यात तू आमच्या मळ्यावर आलास, वांग्याच्या वाफ्याशी उकिडवा बसलास आणि माझ्या बापासमोरच मला काम समजावून सांगितलंस. बापालाही समजलं पाहिजे, असा तुझा आग्रह होता.

तू म्हणालास, आपलं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कंपन्यांना एकत्र बसायची जागा चालू ठेवायची. त्यांचे कागद, मंजुऱ्या, आपसातली चर्चा, सगळं त्या एका ठिकाणी असतं आणि त्याच्या पोटात डेटाबेस असतो. तो थांबला की चार शहरांतली माणसं हातावर हात ठेवून बसतात. म्हणून डेटाबेस दोन, दोन वेगळ्या शहरांत.

"एक मोठी, एक लहानी," तू काडीने मातीत दोन गोल काढलेस. "मोठी काम करते. लहानी तिचं पाहून पाहून सगळं तसंच लिहीत जाते. मोठी पडली की लहानीनं उभं राहाचं. पर दोघींमंदली वायरच तुटली त? लहानीले वाटन मोठी मेली. मोठी त जित्ती हाय. मंग दोघी बी मालकीनबाई होतीन, आन् दोघींचा हिशोब येगळा."

"मग?" मी विचारलं.

"मंग पंच पायजे. त्याच्यापाशी काहीच नसते, ना कागद ना पत्र. तो नुसतं मत देते. तिघातले दोन एका बाजूनं असले का काम चालू. एकटी उरली, त तिनं गुमान बंद व्हाचं."

"एकटी धडधाकट असली तरी?"

"तरी. एकटीच्या म्हनन्यावर चालत नाही."

बाप म्हणाला, "हे त ग्रामपंचायतीपेक्षा बरं हाय." तू इतका हसलास की मातीत बसलास. मी विचारलं, पंच कुठे असतो? तर तू चहा मागितलास.

चाळिशी आली तरी तू लग्न केलं नाहीस. कोणी टोकलं की म्हणायचास, "दोघीजनी हायेत ना, मोठी आन् लहानी. आनखी एक कुठं सांभाळू?" मी तुला भाजीची पिशवी दिली की विचारायचास, "मेथी आनली का पासवर्ड?" हे सगळं आठवून आता हसू येत नाही. राग येतो. माणसाने एवढं हसतमुख असू नये, त्याच्या हसण्यामागे काय चाललं आहे ते बघायचं राहून जातं.

पंच कुठे आहे ते मला तीन वर्षांनी कळलं, तेही पौर्णिमेच्या दिवशी. दर पौर्णिमेला तू तालीम घ्यायचास. म्हणजे भरदुपारी, सगळ्यांना आधी कळवून, चालती मोठी स्वतःच्या हाताने पाडायची आणि लहानी उभी राहते का ते बघायचं. पुण्याच्या लोकांना कळायचं नाही की अनसिंगची तालीम दर महिन्याला वेगळ्या तारखेला का असते. कारण एवढंच की पौर्णिमेला आई दिवसभर विहारात असायची आणि घर शांत असायचं. त्या पौर्णिमेला मी तालीम बघायला तुझ्या घरी आले होते, मूर्तीखाली ही डबी दिसली आणि मी विचारलं.

"तो आपला पंच," तू सहज म्हणालास, गोठ्यातली गाय दाखवावी तसं.

दर महिन्याच्या अहवालात आपण लिहून देत होतो, तिसरं यंत्र तिसऱ्या स्वतंत्र केंद्रात आहे. ते केंद्र म्हणजे तुझ्या घरातली मधली खोली होती. एक इन्व्हर्टर, इंटरनेटच्या दोन लाइनी आणि लाकडी फळी. कंपनी तिसऱ्या जागेला मंजुरी देत नव्हती म्हणून चार दिवसांसाठी तू ती डबी घरी लावलीस. चार दिवसांची चार वर्षं झाली. जागेसाठी पुन्हा विचारणं तूच बंद केलंस.

"काहून?" मी विचारलं.

तू डबीवरची धूळ बोटाने पुसलीस. मग म्हणालास, "पंच माह्या घरी हाय तवर मले कोनी पुन्याले बोलावू शकत नाही, सवे."

मला तुझं कारण माहीत होतं. आईला तू दोन महिने पुण्याला नेऊन पाहिलं होतंस. बाल्कनीत बसून ती रोज संध्याकाळी विचारायची, आपन घरी कवा जाचं? तू तिला घेऊन परत आलास आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलंस. त्यात चूक काय होतं? काहीच नव्हतं. पण त्यासाठी तू सरळ मागणी केली नाहीस. तू डबीमागे लपलास. मला शिकवताना तूच म्हणाला होतास, "बंद पडनं गुन्हा नाही, बंद पडलं हे लपवनं गुन्हा हाय." तुझी वाक्यं मी वहीत लिहून ठेवायचे. हेही लिहिलेलं आहे, आणि खाली तुझीच सही आहे, कारण त्या दिवशी मी गमतीने तुझी सही घेतली होती.

मग दोन वर्षं आपण तेच भांडत राहिलो. मी म्हणायचे, साहेबांना लिहून दे. तू म्हणायचास, लिहून देलं का ते डबी उचलतीन, मंग मले उचलतीन. मी म्हणायचे, तू आजारी पडलास तर? तू म्हणायचास, मी नाही पडत. भाऊ, मोठीला तू दर महिन्याला पाडून बघत होतास. स्वतःला एकदाही पाडून बघितलं नाहीस. एखाद्या आठवड्यासाठी सगळं माझ्या हातात देऊन कुठेतरी गेला असतास तर आपल्याला दोघांनाही कळलं असतं की किती गोष्टी फक्त तुझ्या डोक्यात आहेत. पण डबी घरी आल्यापासून तू अकोल्याच्या पलीकडे कधी गेलाच नाहीस. एखाद्याच्या लग्नाला गेलास तरी मांडवात मोबाइलवर पंच जिवंत आहे का बघत बसायचास.

आता त्या गुरुवारचं. विहाराच्या पायऱ्या चढताना तुझ्या छातीत भरून आलं होतं, हे मला नंतर कळलं. वाशीमच्या डॉक्टरांनी अकोल्याला जाऊन तपासून घ्यायला सांगितलं होतं, हेही नंतर कळलं. त्या वेळी फोनवर तू एवढंच म्हणालास, "सवे, रविवार-सोमवार तू पाहतं का? अकोल्याले जाचं हाय. तपासनी हाय जराशी."

रविवारी एका मोठ्या ग्राहकाचं काम होतं, त्यांचं सगळं जुन्या आवृत्तीवरून नव्यावर न्यायचं होतं. मी ते सहज केलं असतं. तू पुढे म्हणालास, "आन् पंच अटकला त इथं येऊन चालू करा लागते. आईले सांगून ठेवतो."

तिथे माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "नाही. मी त्या डबीले हात लावनार नाही. पयले साहेबाले लिहून दे, मंग मी दोन दिवस काय, दोन हप्ते पाहीन."

"आता कायले हे काढून राह्यली?"

"आता नाही त कवा? तुले गरज पडल्याबिगर तू ऐकत नाही."

"लय शहानी झाली तू," तू म्हणालास. "राहू दे. पुढच्या हप्त्यात जाईन."

फोन तू ठेवलास. मी परत केला नाही. तपासणी हा शब्द मी ऐकला होता, भाऊ. ऐकला नाही असं मी कुठेही सांगणार नाही. मला वाटलं, साखर-बिखर बघायची असेल. त्याहून खरं म्हणजे मला वाटलं, आता हा सापडला. दोन वर्षं ऐकत नव्हतास, आता अडलास, आता लिहून देशील. तुझी अडचण माझ्या कामी येईल असा हिशेब मी केला. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे, आणि त्या बरोबर म्हणण्याचा आता मला वीट आला आहे.

रविवारचं काम तू केलंस. उत्तम केलंस, नेहमीसारखं. सोमवारी आणि मंगळवारी आपण कामापुरतं लिहिलं, बोललो नाही. बुधवारी सकाळच्या बैठकीत तुझं नाव पडद्यावर होतं, चौकट काळी होती. साहेब दोनदा म्हणाले, मिलिंद, तुमचा आवाज येत नाही. कोणीतरी म्हणालं, म्यूटवर असेल. आम्ही पुढे गेलो. वीस मिनिटं आम्ही तुझ्यासमोर पुढच्या महिन्याची कामं वाटत होतो. मी तुझ्यावर चिडलेली होते, म्हणून मला वाटलं की मुद्दाम गप्प आहेस. बैठक संपली, सगळे निघून गेले, तुझी चौकट तशीच राहिली. मी फोन लावला तो शेजाऱ्यांनी उचलला. आईने तुला खुर्चीवरून खाली घेतलं होतं. आधी तिला वाटलं होतं की काम करता करता डोळा लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी भंतेजींचं सूत्रपठण झालं, लोक बोलले, जेवणाची पहिली पंगत बसली. आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "त्याले त म्या म्हटलं होतं, जाय बापा, दाखवून ये. त्यानं ऐकलंच नाही. लहानपनापासून हट्टीच होता." पदराने डोळे पुसत ती हे तीनदा म्हणाली. तुझ्यावर रागावून तिला जरासा आधार मिळत होता, हे मला दिसत होतं. मी "हो माय" म्हणत राहिले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. तू रविवारी नवी आवृत्ती लावली होतीस, तिचा राहिलेला भाग म्हणून त्या दुपारी लहानी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू व्हायची होती. ती वेळ तूच लावून ठेवली होतीस. लहानी बंद झाली आणि मोठी एकटी उरली. पंच कोठीमागे पडला होता. एकटीच्या म्हणण्यावर चालत नाही, म्हणून मोठी गुमान बंद झाली, तू शिकवलं होतंस तशीच. ग्राहकांचं सगळं थांबलं.

साहेब म्हणाले, "सविता, तुम्ही अनसिंगलाच आहात ना? मधल्या खोलीत मूर्तीखाली असेल बघा. फक्त एक प्लग लावायचा आहे."

भाऊ, त्यांना माहीत होतं. खोली माहीत होती, फळीसुद्धा माहीत होती. सहा वर्षं तू त्यांच्यापासून लपवतोस असं समजून जीव मुठीत धरून बसलास, आणि ते सगळं माहीत असून गप्प होते, कारण तिसऱ्या जागेची मंजुरी मागायला त्यांना वर जावं लागलं असतं. तुझा घरबसल्या पहारा त्यांना सोयीचा होता. तुला पुण्याला बोलवायचा विचारही त्यांनी कधी केला नसेल. तू ज्या भीतीपायी डबीला बांधून घेतलंस ती भीती खरी नव्हती.

मी म्हणाले, "सर, इथे माणसं जेवत आहेत. मी प्लग लावणार नाही."

ते म्हणाले, "मला समजतं. पण ग्राहक थांबलाय."

मी बाहेर कडुनिंबाखाली गाडीच्या सीटवर लॅपटॉप उघडला आणि मोठीला हाताने उभं केलं. तिला सांगावं लागतं की मताची वाट बघू नकोस, या वेळी मी जबाबदार आहे. हेही तूच शिकवलं होतंस, आणि म्हणाला होतास की देव करो आणि तुला हे कधी करावं न लागो. पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत सगळं सुरू झालं. आत येऊन मी वरण वाढायला उभी राहिले.

संध्याकाळी मी अहवाल लिहिला. काहीही न वगळता लिहिला. पंच एका सहकाऱ्याच्या घरी होता, तो सहकारी वारला, त्याच्या आईने वायर काढली. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं आणि मी वर कळवलं नाही. साहेबांनाही माहीत होतं. सहकाऱ्याला तपासणीसाठी सुटी हवी होती आणि ती मी अडवली, हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला जो अहवाल गेला त्याची प्रत मला आली. त्यात एक ओळ होती. स्थानिक वीजपुरवठ्यातील अडचणीमुळे तिसरे यंत्र काही काळ संपर्काबाहेर होते. तुझं नाव नव्हतं, माझं नव्हतं. साहेबांनी खाली मला वेगळं लिहिलं होतं की व्यक्तिगत गोष्टी अहवालात नकोत, आणि पंचासाठी आता तिसऱ्या शहरात जागा मंजूर झाली आहे. झाली एकदाची. मागितल्यावर एका दिवसात झाली.

ती ओळ वाचून मला संताप आला, आणि मग लाज वाटली, कारण तसंच एक खोटं मीसुद्धा आईच्या शेजारी बसून बोलले होते. "हो माय" म्हणत. पोरगा हट्टी होता, त्यानेच ऐकलं नाही. कंपनीने तुला वगळलं आणि मी सगळं तुझ्यावर ढकललं. कुठेतरी एका ठिकाणी तरी खरं सांगितलं पाहिजे, असं वाटून मी काल अनसिंगला गेले.

आई ओसरीवर तूर निवडत होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "माय, मिलिंदभाऊनं मले फोन केला होता. अकोल्याले जातो, माहं काम दोन दिवस पाहतं का, म्हणून. म्या नाही म्हटलं."

तिचे हात थांबले. "त्यानं तुले इचारलं होतं?"

"हो."

"सोताहून?"

"हो माय. मी नाही म्हटलं म्हणून तो राह्यला. तो हट्टानं नाही राह्यला."

मला वाटलं ती चिडेल, शिव्या देईल, रडेल. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. ती सुपाकडे बघत बसली. मग हळू म्हणाली, "म्हंजे त्याले जाचं होतं."

मी मान डोलावली.

"मी येवढे दिस त्याच्यावर रागं भरून राह्यली होती," ती म्हणाली. "झोपताना म्हणो, मेल्या, ऐकलं असतं माहं त वाचला असता. तेवढ्यावर झोप लागे मले. आता तू सांगून राह्यली का त्याचा जीव तयार होता जाले." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता मी रागं कोनावर भरू?"

"माह्यावर भर, माय."

"तुह्यावर भरून त्याचं काय?" ती म्हणाली आणि पुन्हा तूर निवडायला लागली. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, "जाय आता. काही दिस येऊ नोको."

भाऊ, खरं सांगितल्याने बरं वाटेल असं मी समजले होते. तुझ्या आईला तुझ्यावर रागावता येत होतं, तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं, आणि ते मी काल घेऊन आले.